सावरगावच्या काठावरून आलेली वीज

पांढुर्ण्याचे ड्रॉइंग मास्तर रघुनाथराव यांच्या घरी वीज नव्हती, आणि छप्पन्न सालच्या वैशाखापर्यंत त्यांना त्याचं काडीचंही दुःख नव्हतं. एक कंदील होता, दोन चिमण्या होत्या आणि झोप लवकर येत होती. माणसाला आणखी काय लागतं? पण त्या वैशाखात त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, प्रतिभाचं, लग्न झालं, आणि भाड्यानं आणलेली गॅसबत्ती ऐन पंक्तीत जिलबी वाढताना भक्कन विझली. अंधारात वाढप्याचा हात चुकला आणि जिलबीचा पाक नेमका नागपूरच्या विहीणबाईंच्या शालूवर सांडला.

विहीणबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, चार माणसांनी मध्ये पडून मिटवलं असतं. त्या नुसत्या हसल्या आणि पार शेवटच्या पानाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "असू द्या हो. आमची सून अंधारातून उजेडात येऊन राहिली, एवढंच समजायचं."

नागपूरला गेल्यावर तोच टोमणा प्रतिभाच्या मागे लागला. भाजीत मीठ जास्त झालं की, "अंधारात वाढलेली पोर, दिसलं नसेल." कपबशी फुटली की, "उजेडाची सवय नाही तिला." प्रतिभानं हे माहेरी सांगितलं नाही, सांगणारी पोरगीच नव्हती ती. आखाडात चार दिवस आली तेव्हा संध्याकाळी कंदिलाची काच पुसता पुसता एवढंच म्हणाली, "बाबा, गावात लाइन येऊन राहिली म्हणतात, खरं का?" आणि लगेच गाईचं दूध किती निघतं ते विचारायला लागली. रघुनाथराव मास्तर असले तरी बाप होते. बाकीचं त्यांनी नागपूरच्या एका सोयऱ्याकडून काढून घेतलं आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

"दिवाळसणाला जावईबापू येतील, विहीणबाई येतील, तेव्हा या घरात बटण दाबायचं," त्यांनी बायकोला, मनकर्णाबाईंना, जाहीर केलं. "दाबायचं म्हणजे दाबायचं."

"दाबा बाप्पा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मागल्या उन्हाळ्यात कौलं फिरवायचंही तुमी असंच जाहीर केलं होतं."

गावात वीज नवीनच आली होती. खांब रोवत रोवत वीजवाले गुणवंताच्या भिंतीपर्यंत आले आणि तिथं खांब संपले. गुणवंता म्हणजे मास्तरांचा भिंतीला भिंत शेजारी. संत्र्याचे बगीचे, झुपकेदार मिशा, आणि घरात बोलला तर बाजारात ऐकू जाईल असा आवाज. खांबापासून मास्तरांच्या घरापर्यंत तार न्यायची म्हणजे ती गुणवंताच्या माडीवरून न्यावी लागणार. त्यासाठी नगरपालिकेत अर्ज, अर्जाला घराचा नकाशा, नकाशाला शेजाऱ्याची संमती, संमतीवर ओव्हरसियरची पाहणी, आणि या सगळ्याच्या डोक्यावर नागपुरात बसणाऱ्या वीज-इन्स्पेक्टरची सही. मास्तरांना यात काही अवघड दिसलं नाही. नकाशा तर त्यांच्या हातचा मळ होता.

गल्लीच्या तोंडाशी भिवाजी शिंप्याचं दुकान होतं. भिवाजीच्या घरी वीज नव्हती, त्यामुळे विजेवर तो मोकळेपणानं बोलू शकत होता. "मास्तर, बटण दक्षिणेकडं नका लावजा, करंट उलटा चालते. अन् तारेखाली लोणचं नका ठेवजा, बुरशी धरते. अन् एक सांगून ठेवतो, अमावस्येले करंट मंद पडते." मास्तर अशा अडाणीपणाला हसले. घरी येऊन त्यांनी लोणच्याची बरणी तेवढी हलवून घेतली.

मग त्यांनी नकाशा काढायला घेतला. साधा नव्हे. बैठक, माजघर, स्वयंपाकघर, परस, आणि सगळ्यावर छायाप्रकाश. तुळशीवृंदावनावर सकाळचं ऊन पडलेलं. परसात त्यांची गाय रवंथ करत बसलेली, आणि तिच्या डोळ्यांत वात्सल्य. नकाशाच्या तीन प्रती लागत होत्या, आणि तिन्हींत वात्सल्य सारखं उतरावं म्हणून मास्तरांनी फार कष्ट घेतले.

ओव्हरसियर पुंडलिकराव हे जाम नदीच्या पलीकडचे, सावरगावचे. बोलायला गोड आणि कामाला चेंगट. त्यांनी नकाशा आडवा धरला, उभा धरला.

"मास्तर, हे काय?"

"गाय."

"गाय आहे ते दिसून राह्यलं. गाईले पॉइंट द्याचा आहे काय?"

"नाही जी. परसात गाय आहे, म्हणून काढली."

"ज्याले पॉइंट नाही ते नकाशात नाही. नियम आहे. पुसून आणा."

आजवरच्या नोकरीत मास्तरांचं चित्र कोणी पुसायला लावलं नव्हतं. शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांनी तर त्यांच्या गणपतीखाली स्वहस्तानं 'बरा' असं लिहिलं होतं. पण काच पुसणारी लेक डोळ्यांपुढे आली आणि मास्तरांनी गाय पुसली. एक, मग दुसरी, मग तिसरी. तिसरी पुसून झाली तेव्हा मनकर्णाबाई धार काढून आल्या आणि म्हणाल्या, "आज दूध कमीच देल्लं तिनं. समजलं असन."

गुणवंताची संमती मात्र तोंडी लगेच मिळाली. "जाऊ द्या ना तार, मास्तर! माही माडी काय झिजते? पोळा होऊ द्या, सही ठोकून देतो." राहिली पुंडलिकरावांची पाहणी. ती काही केल्या होईना. ऑफिसात त्यांचा कोट खुर्चीवर हजर असे, पुंडलिकराव नसत. पाच-सहा वेळा कोटाला भेटून आल्यावर मास्तरांनी ठरवलं की यांना सुट्टीच्या दिवशी घरीच गाठायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती, ऑफिसलाही होती. तो दिवस त्यांनी नक्की केला. आणि पांढुर्ण्यात जन्मलेल्या माणसाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा असा हिशेब सुचावा, याला काय म्हणावं!

कारण तो दिवस गोटमारीचा. जामच्या पात्रात मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडी बांधतात, या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, आणि मग दिवसभर गोटे. डोकी फुटतात, हातपाय मोडतात. पांढुर्ण्यानं झाड तोडून आणलं की ते चंडीमातेच्या देवळात वाजतगाजत नेतात, आणि ज्यांनी एकमेकांना रक्तबंबाळ केलं तेच एकमेकांना देवीचा अंगारा लावतात. गोटमारीतल्या गोट्याचा राग धरायचा नाही, हा कायदा. दोन्ही काठांवर सगळे सोयरेधायरेच. राग धरला तर पोरी कुठं देणार?

मास्तरांना या दंग्याचा मनापासून तिटकारा. दरवर्षी त्या दिवशी ते दार लावून घेत आणि जास्वंदीची फुलं रंगवत. म्हणूनच त्यांच्या डोक्यात सुट्टी तेवढी राहिली आणि गोटमार गळून पडली. सकाळीच लांब कोट, काळी टोपी, छत्री आणि काखेत बिनगाईचे नकाशे असा सरंजाम घेऊन ते नदी ओलांडून सावरगावात गेले. पुंडलिकराव अंगणात बसून गोटे निवडून राहिले होते.

"मास्तर? आज?"

"एक पाहणीची तारीख पाहिजे होती जी."

"आज सरकार नाही, मास्तर. आज सावरगाव आहे," पुंडलिकराव म्हणाले. "पण आले तं बसा. च्या घ्या."

चहा झाला, पोळ्याच्या उरलेल्या करंज्या झाल्या, नाही नाही म्हणता जेवणही झालं. मास्तर निघाले तोवर नदीवर गोटे सुरू झालेले. आता घरी जायचं म्हणजे आपल्याच गावानं फेकलेल्या गोट्यांत शिरायचं. ते काठावरच्या एका बाभळीआड गेले आणि घाबरून त्यांनी छत्री उघडली. सावरगावच्या काठावर ती एकच छत्री होती, आणि पांढुर्ण्यातलं शेंबडं पोरसुद्धा तिला ओळखत होतं.

"हे कोण? पांढुर्ण्याचे मास्तर?" एक दांडगा सावरगावकर पुढे आला. "इकडं काय करून राह्यले?"

"आपले पाहुणे आहेत," पुंडलिकराव म्हणाले.

"पाहुणे असन तं एक गोटा माराले सांगा. नाही तं आमी समजू, चोरून पाहाले आले."

मास्तरांनी हात जोडले, चष्मा दाखवला, दमा नसताना दम्याचं सांगितलं. शेवटी सुटका नाही असं पाहून त्यांनी सगळ्यांत लहान गोटा उचलला, पाण्यातली एक रिकामी जागा हेरली आणि डोळे मिटून फेकला. पण मागल्या बाकावर पेंगणाऱ्या पोरांना खडू मारून मारून त्यांचा हात असा बसला होता की तो आता डोळ्यांना विचारत नसे. त्याच वेळी गुणवंता झाडाला जाऊन भिडला होता आणि "कुऱ्हाड आणा बे!" असं ओरडायला आपल्या काठाकडे वळला होता. गोटा त्याला लागला. कुठं लागला हे सांगायला संकोच वाटतो, पण पुढचं सगळं त्यावरच आहे. गोटा त्याला बसायच्या जागी लागला.

कपाळावर लागता तर गुणवंतानं तो पुढल्या पोळ्यापर्यंत मिरवला असता. दंडावर लागता तर सदऱ्याची बाही वर करून हिंडला असता. पण गोटमारीत मागून लागलं याचा अर्थ सारा गाव एकच घेतो, की हा पळून राहिला होता. संध्याकाळी झाड पांढुर्ण्यानं आणलं, आणि ते गुणवंतानंच तोडलं होतं, पण ते बोलायला कोणाला फुरसत होती? जो तो त्याला ओट्यावर बोलावून राहिला होता. "या ना गुणवंताभाऊ, बसा ना! काऊन उभे?"

मास्तर देवीचा अंगारा घेऊन त्याच्या घरी गेले. गुणवंता पलंगावर पालथा पडला होता.

"मास्तर, मले गोट्याचा राग नाही," तो उशीत तोंड ठेवून म्हणाला. "कायदा मले माहीत आहे. सावरगाववाल्याचा गोटा असता तं मी त्याले नमस्कार केला असता. पण पांढुर्ण्याच्या माणसानं सावरगावच्या काठावरून मारलेला गोटा, हा कोन्या कायद्यात बसते, ते सांगा."

मास्तरांनी अंगाऱ्याची पुडी त्याच्या उशाशी ठेवली.

"मंग माह्या माडीवरून तार नाही जात."

झालं. गल्लीत मास्तरांना तोंड दाखवायची सोय राहिली नाही. भिवाजीनं जावयासाठी शिवायला टाकलेला सदरा हातात धरून विचारलं, "पांढुर्ण्याच्या मापानं शिवू का सावरगावच्या?" वर्गात पोरं खडू पाहताच बाकाखाली शिरायला लागली. मनकर्णाबाई तर भाकरी थापता थापता रोज सुरू. "सारा जन्म एक गोटा मारला नाही, अन् मारला तं असा नेमका! चित्र कधी इतकं बरोबर नाही जमलं तुमचं."

आणि त्यातच दिल्लीवाल्यांनी राज्यं नव्यानं आखायला घेतली. एक नोव्हेंबरपासून नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि पांढुर्णा, सौसर, सावरगाव, मोहगाव हा सगळा मुलूख मध्य प्रदेशातच राहणार, राजधानी भोपाळ. गावात सकाळ-संध्याकाळ तेच. कोणी म्हणे आपली भाषा मराठी, आपल्याला इकडे कशाला ठेवलं. कोणी म्हणे संत्री नागपूरच्याच बाजारात जाणार, राज्य कोणतंही असो. मास्तरांना मोठ्या राजकारणातलं काही कळत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की आपली लेक बसल्या जागी परराज्यात जाऊन राहिली, आणि तिच्याबरोबर वीज-इन्स्पेक्टरही.

"एक तारखेच्या आत नागपूरच्या साहेबाची सही झाली तं झाली," पुंडलिकरावांनी स्पष्ट सांगितलं. "मंग कागद भोपाळले जाईन. भोपाळात अजून साहेब नाही. साहेब येईन तं टेबल नाही. टेबल येईन तं कोन्या खोलीत ठेवाचं ते ठरन."

"पण दिवाळी?" दिवाळी त्या वर्षी ऐन एक तारखेच्या आसपासच येत होती.

"दिवाळी तं दरसाल येते, मास्तर."

दरसाल येते, पण लेकीचा दिवाळसण एकदाच येतो. मास्तरांनी मान खाली घातली आणि पुन्हा गुणवंताची पायरी चढले. गुणवंता आता बसायला लागला होता, दोन उशांवर. त्यानं बराच वेळ मिशी पिळली.

"तुमी चित्र काढता ना? मंग एक काढा. मी झाडापाशी, कुऱ्हाड हातात, अन् छाती सावरगावकडं. मोठ्ठं काढा. मी बैठकीत लावतो. पाहू द्या ना गावाले, कोण पळून राह्यलं होतं ते. चित्र झालं का सही घ्या."

मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गाय पुसायला लावणाऱ्या या जगात कोणीतरी त्यांना चित्र मागत होतं! शाळा सुटली की ते रंगाची पेटी घेऊन गुणवंताच्या बैठकीत हजर. गुणवंता मागे उभा राहून कामावर लक्ष ठेवी. "मिशी बारकी झाली जी." मिशी वाढली. "दंड भरत नाही." दंड भरला. "सावरगाववाले पळताना दाखवा ना, मजा येईन." सावरगाव पळायला लागलं. चित्र पुरं होत आलं तेव्हा गुणवंता झाडापेक्षा उंच झाला होता आणि जाम नदी त्याच्या पोटऱ्यांपर्यंत येत होती.

नेमके त्याच दिवशी पुंडलिकराव पाहणीला उगवले. इतके महिने कोट पाठवून काम भागवणारा माणूस नेमका तेव्हा सगळा आला. माडी पाहायला जाताना त्यांची नजर चित्रावर पडली आणि खिशातून निघालेलं पेन पुन्हा खिशात गेलं.

"हे सावरगाव पळून राह्यलं?"

"मंग!" गुणवंता म्हणाला.

"मी सरकारी माणूस आहे. मले चित्राबद्दल काही म्हणाचं नाही," पुंडलिकराव म्हणाले. "पण पाहणी आज नाही होत."

मग त्या दोघांची अशी जुंपली की गल्ली गोळा झाली. पुंडलिकराव म्हणत, सावरगाव आजवर पळालं नाही आणि कागदावरही पळणार नाही. गुणवंता म्हणत होता, सावरगाव पळालं नाही, पांढुर्णा पळालं नाही, तर मग मी शूर कोणापुढं? चित्रात कोणीतरी पळायला पाहिजे का नको? मास्तरांनी सावरगावकरांना मागे वळवून पुन्हा छातीनं उभं केलं, तर गुणवंताचं तोंड उतरलं. आता दोन्ही काठांवर नुसत्या छात्या, वर हवेत गोटे, आणि एकही गोटा कोणाला लागण्याच्या बेतात नाही. एवढी शांत गोटमार कोणी पाहिली नसेल.

"याच्यात मजा नाही," गुणवंता म्हणाला. "कोणीतरी पळालंच पाह्यजे. नाही तं मी सही करत नाही."

"सावरगावचं कोणी पळन तं मी करत नाही," पुंडलिकराव म्हणाले.

मास्तर कुंचला हातात घेऊन उभे होते. दिवाळी तोंडावर आली होती. त्यांनी एकदा लोकांकडे पाहिलं, एकदा चित्राकडे. मग खाली बसले आणि सावरगावच्या काठावर, एका कोपऱ्यात, बाभळीच्या बाजूला एक बारका माणूस काढायला लागले. लांब कोट. काळी टोपी. उघडी छत्री. एका हातात धोतराचा सोगा, पाठ नदीकडे, आणि पाय जमिनीला न टेकलेले. धोतराच्या निऱ्या पळताना कशा उडतात ते दाखवायला त्यांनी बराच वेळ घेतला, कारण चुकीचं काढणं त्यांना जमत नसे.

"हे कोण?" गुणवंतानं विचारलं, जसं काही त्याला माहीतच नव्हतं.

"मी," मास्तर म्हणाले.

पुंडलिकरावांनी वाकून पाहिलं. "हे तं पांढुर्ण्याचे आहेत," ते समाधानानं म्हणाले. "अन् सावरगावच्या काठावर आहेत," गुणवंता त्याहून समाधानानं म्हणाला. दोन्ही गावांचं नाक शाबूत राहिलं. गुणवंतानं संमतीवर सही ठोकली, पुंडलिकरावांनी माडी न चढताच पाहणी केली, आणि त्याच दिवशी ते चित्र दाराच्या समोरच्या भिंतीवर, आल्या-गेल्याला पहिलं दिसेल असं लागलं. मास्तर घरी येऊन कितीतरी वेळ कुंचले धूत बसले. मनकर्णाबाईंना सगळं कळलं होतं, पण त्यांनी टोमणा मारला नाही, नुसतं ताटात तूप जास्त वाढलं. त्याचंच मास्तरांना जास्त वाईट वाटलं.

इन्स्पेक्टरसाहेब शेवटच्या दौऱ्यावर सौसरच्या डाकबंगल्यात उतरले होते. मास्तर धुळीनं भरलेल्या मोटारीतून तिथं पोचले तेव्हा साहेबांची वळकटी बांधून झाली होती आणि नवा कागद हातात घ्यायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. तरी घेतला. नकाशा खिडकीच्या उजेडात धरला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"इथे काहीतरी पुसलंय."

"गाय होती साहेब."

"गाय? तिन्ही प्रतींत, एकाच जागी?" साहेब चष्म्यावरून पाहायला लागले. "चोरून पॉइंट काढायचा विचार दिसतो परसात."

पुरावा म्हणून गाय काही सौसरला आणलेली नव्हती. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, परवानगी न विचारता नकाशा टेबलावर पसरला, आणि पुसलेल्या खुणांवरून गाय पुन्हा काढली. शिंगं, वशिंड, रवंथ आणि शेवटी ते वात्सल्य. साहेब वळकटीवर बसून पाहत राहिले.

"वासरू नाही का?"

"आहे ना साहेब," मास्तर म्हणाले आणि वासरूही काढलं. साहेबांनी सही केली, शिक्का मारला, आणि गाईशेजारी लाल शाईनं लिहिलं, 'पॉइंट नाही.'

नरकचतुर्दशीला सकाळी लोक अभ्यंगस्नानाला उठले ते नव्या राज्यात. त्याच दिवशी गुणवंताच्या माडीवरून तार आली. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. नागपूरच्या गाडीनं जावई अरविंद, प्रतिभा आणि विहीणबाई उतरल्या, आणि स्टेशनावरच विहीणबाई म्हणाल्या, "आलो बाई परमुलखात!" दिवेलागणीला सारी गल्ली मास्तरांच्या बैठकीत जमली. भिवाजी पुढेच बसला होता, कारण अमावस्या होती आणि करंट मंद पडलेला त्याला डोळ्यांनी पाहायचा होता. मास्तरांनी देवाला नमस्कार केला, बटण दाबलं, आणि लख्ख उजेड पडला. बाया "अगंबाई!" म्हणाल्या. प्रतिभानं आईचा हात धरला आणि सोडलाच नाही. विहीणबाईंनी वर दिव्याकडे पाहिलं, भिंतींकडे पाहिलं, कोपऱ्याकोपऱ्यात काही सापडतं का पाहिलं. जळमट नव्हतं, पोपडा नव्हता.

"छान आहे," त्या म्हणाल्या. सौसरची ती धूळ, गाय, गोटा, सगळं मास्तरांना त्या दोन शब्दांत वसूल झालं.

पण पूजा झाल्यावर गुणवंतानं पाहुण्यांना फराळाला बोलावलं. नको म्हणायचं तरी कसं? त्याच्या माडीवरून तर तार आली होती. चिवडा, अनारसे ताटात पडले आणि विहीणबाईंची नजर समोरच्या भिंतीवर गेली. आधी त्यांनी गुणवंताच्या मिशीचं कौतुक केलं. मग नजर सरकत सरकत कोपऱ्यात आली.

"अगंबाई, आणि हा छत्रीवाला पळपुटा कोण?"

"असाच जी कोणीतरी," गुणवंता घाईघाईनं म्हणाला. हे तेवढं त्याच्या खाती जमा धरलं पाहिजे.

"पण कोट तर व्याह्यांचा!" विहीणबाईंना हसू आवरेना. "टोपीही तीच! अरविंदा, बघ तरी, तुझे सासरे कसे धूम पळून राहिले!"

अरविंद हसला नाही. बाकी कोणीही हसलं नाही. मास्तर ताटातला अनारसा बोटानं इकडून तिकडे सरकवत राहिले. त्यांना वाटलं, उजेड आला तो नेमका हे दाखवायलाच. मनकर्णाबाई काही बोलणार तेवढ्यात प्रतिभानं ताट खाली ठेवलं.

"हो आई, बाबाच आहेत ते," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण डोळे तिनं खाली घातले नाहीत. "लग्नात तुम्ही अंधार म्हणाल्या ना, तेव्हापासून असेच पळून राहिले ते. आज थांबले."

मास्तरांना धक्काच बसला. सासूला उलट बोलायचं वळण आपण पोरीला लावलं नव्हतं. तिला रागवावं असं त्यांनी ठरवलं, आणि तोंड उघडलं तर नाक तेवढं ओढलं गेलं. गुणवंता आपल्याच चित्राकडे पाठ करून उभा राहिला.

विहीणबाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि कोपऱ्यातल्या त्या बारक्या माणसाला पुन्हा अगदी जवळून पाहिलं.

"धोतराच्या निऱ्या फार सुरेख उतरल्या आहेत हो," त्या हळूच म्हणाल्या.

"त्यांनाच वेळ लागला," रघुनाथराव म्हणाले.